खालची खाच

पाऊस येत नाही म्हणून दरसाल आभाळाकडं तोंड करून बसणाऱ्या साखरा गावाला त्या साली पाऊस जात नाही म्हणून रडावं लागलं. पोळा झाला, गणपती गेले, तरी माळावरची दलदल हटेना. माणसाचं एक बरं असतं, चिखल झाला की घरात बसता येतं. मेंढरांना कोण बसू देणार? त्यांनी तेच ओलं गवत खाल्लं, डबक्यातलं पाणी पिलं, आणि मग एकेकीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली. हात लावला की थलथल करायची. पापणी उलटून पाहावी तर आत रक्ताचा मागमूस नाही, नुसतं पांढरंफटक.

रामकिशननं हे दुखणं आधीही पाहिलं होतं. पोटातले किडे काळजाला लागले की असं होतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. उलट आसपासच्या वाड्यांवरचे धनगरच त्याला विचारायला यायचे. कुणाचं मेंढरू हगवणीनं बसलं, कुणाचं फुगलं, की 'रामकिशनला इचारा.' त्याला ते आवडायचंही. बोलायचा कमी, पण कुणी विचारायला आलं की मिशीला हात जायचा.

तो तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेला. तिथं नवा, तरणा डॉक्टर आलेला होता. त्यानं नव्या औषधाचा डबा काढून दिला आणि बजावलं, "हे जुन्या औषधासारखं नाही, मामा. जहाल आहे. एका मेंढीला दोन मिली. त्याच्या वर थेंब नाही."

रामकिशननं कमरेचं नळकांडं काढून पुढं धरलं. "यात वता दोन मिली. आमाला यातलं कळतंय."

हे नळकांडं म्हणजे वेळूचा वीतभर तुकडा. खालचं पेर बंद, वरचं तोंड तिरपं कापलेलं, म्हणजे मेंढराच्या जबड्यात नीट बसतं. अंगाला दोन खाचा, आत पोकळीपर्यंत पाडलेल्या. खालची दोन बोटांवर, वरची चार बोटांवर. औषध ओतलं की खाचेपर्यंत भरतं आणि जादा झालेलं खाचेतून आपोआप गळून जातं. मग खाचेवर अंगठा दाबायचा आणि पाजायचं. मोठ्या मेंढराला खालची बोटानं बुजवून वरची खाच, कोकराला किंवा जहाल औषधाला खालची. डॉक्टरनं पिचकारीनं दोन मिली मोजून आत सोडलं आणि औषध बरोबर खालच्या खाचेला येऊन थांबलं. डॉक्टरलाही बरं वाटलं. पिचकारी घेऊन जा म्हणाला, पण शंभर मेंढरांना कोण पिचकारी भरत बसतं, म्हणून रामकिशननं ती तिथंच ठेवली.

घरी येऊन त्यानं धाकट्या भावाला बोलावलं. प्रभू वेगळा निघून तीन वर्षं झाली होती. झोपड्या मात्र शेजारीशेजारीच, मधे एक बाभूळ. वेगळं व्हायचा धोशा रामकिशनच्या बायकोचा, पंचफुलाबाईचा होता. एका चुलीवर दोन संसारांच्या भाकरी थापून तिच्या मनगटांतली ताकद गेली होती, आणि ते खोटं नव्हतं. मेंढरं वाटली, भांडी वाटली, घोंगड्या वाटल्या. बापाचं नळकांडं थोरल्याकडं राहिलं. धाकट्यासाठी थोरल्यानं नवा वेळू तोडून स्वतःच्या हातानं खाच पाडून द्यायची, ही रीत. रामकिशननं ओढ्याकाठच्या बेटातला चांगला दणकट वेळू निवडला. बापाच्या नळकांड्याला लावून बोटं मोजली आणि खाचा पाडून दिल्या. भावाला मरतुकडा वेळू कसा द्यायचा?

"दादा, किती पाजू?" प्रभूनं विचारलं.

"खालची खाच. वरच्या खाचंला हात बी लावू नको. औषध जहाल हाय."

"बराबर," म्हणून प्रभू आपल्या वाट्याची बाटली भरून घेऊन गेला.

मेंढरं पाजायचं काम माणसाचा जीव काढतं. धरायचं काम पंचफुलाबाईचं. दोन गुडघ्यांत मान दाबायची, जबड्याच्या फटीत बोट सारायचं, तोंड वर करायचं, घोट उतरेस्तोवर तसंच राहायचं. मेंढरू अंगावर खोकतं, ओली लोकर मांडीला घासून कातडं निघतं, लेंड्यामुताचा चिखल पोटऱ्यांना चिकटतो. बाईचं वय पन्नाशीला टेकलेलं, कंबर तिच्याही पुढं गेलेली. दिवस मावळताना शेवटची मेंढी सुटली तेव्हा ती होती तिथंच चिखलात बसली आणि रामकिशननं हात देऊन उठवलं.

तेवढ्यात प्रभूची बायको अंजली रिकामी बाटली घेऊन उभी राहिली.

"अक्का, औषध पुरलं न्हाई. निम्मी मेंढरं राहिलीत."

पंचफुलाबाईचं आधीच अंग ठणकत होतं. "आमची मेंढरं तुमच्याहून जास्ती. आमाला पुरून उरलं. तुमी काय आंघोळी घातल्या का त्यायला?"

अंजली खाली बघत म्हणाली, "हे म्हणून राहिले, बाटलीच कमी भरली व्हती."

हे ऐकून पंचफुलाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा दवाखान्यात खेटे घालून औषध आणतो, फुकट वाटून देतो, आणि वर चोरीचा आळ. तिनं बाटली हिसकून घेतली आणि डब्यात उरलेल्या औषधानं काठोकाठ भरली. इतकी, की औषध अंजलीच्या हातावर सांडलं.

"घे. आता म्हणू नका कमी दिलं म्हणून."

अंजली बाटली घेऊन गेली. रामकिशननं हे सगळं ऐकलं होतं, पण बायांच्या भांडणात त्यानं कधी तोंड घातलं नव्हतं. एवढं औषध गेलं कुठं, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. रागात माणसाला भलतेच प्रश्न पडतात.

चार-दोन दिवसांनी सकाळी प्रभूनं मेंढरांभोवतीचं वाघरीचं जाळं उघडलं, तर मेंढरं बाहेरच येईनात. एरवी जाळं हललं की ढकलाढकली करणारी मेंढरं नुसती कान हलवत उभी. त्यानं हाकारलं तशी पुढची मेंढी निघाली आणि सरळ जाऊन बाभळीवर आदळली. मागं झाली, पुन्हा आदळली. तिच्या मागच्या तिच्या अंगावर चढल्या. एक दगडाला अडखळून पडली आणि पडल्या जागीच चारी पाय झाडत राहिली. अंजलीनं एकीच्या तोंडासमोर पदर हलवला. डोळे टक्क उघडे, काळेभोर, अगदी निरोगी दिसणारे. पापणी लवली नाही.

तिनं दुसरीपुढं हलवला, तिसरीपुढं हलवला. मग पदर तोंडात कोंबून मटकन खाली बसली.

डॉक्टर दुपारी मोटारसायकलवर आला. एकेकीच्या डोळ्यापुढं बोट नाचवत हिंडला. प्रत्येक मेंढीगणिक त्याचं तोंड उतरत गेलं.

"किती पाजलं?"

"खालची खाच," प्रभू म्हणाला. "दादानं सांगितलं तेवढंच. थेंब जास्ती न्हाई."

"माझी तर ठणठणीत हायत, सायेब," रामकिशन म्हणाला. "म्या बी खालचीच खाच पाजली."

डॉक्टरनं दोघांची नळकांडी मागून घेतली. रामकिशननं ती त्याच्या हातात द्यायच्या आधी एकमेकांना लावून दाखवली. खाचेला खाच बरोबर भिडत होती, तसूभर फरक नाही. "पाहा," तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात थोडा तोराही होता.

डॉक्टरनं पिचकारीत पाणी घेतलं. बापाच्या नळकांड्यात दोन मिली सोडलं, पाणी खाचेतून डोकावलं. मग प्रभूच्या नळकांड्यात दोन सोडलं. पाणी कुठं गेलं ते दिसलंच नाही. आणखी दोन. आणखी दोन. आठ झाल्यावर खाचेतून थेंब बाहेर आला.

"चौपट गेलं हो," डॉक्टर हळूच म्हणाला. "खाच बरोबर आहे तुमची. पण पोकळी बघा ना."

रामकिशननं नळकांडी हातात घेतली. बापाच्या नळकांड्यात करंगळीसुद्धा शिरेना. भावाच्या नळकांड्यात अंगठा सहज गेला. गेलेला अंगठा त्यानं लवकर बाहेर काढला नाही.

"जुनी औषधं कमी-जास्त चालायची, म्हणून इतके दिवस कळलं नसेल," डॉक्टर म्हणाला. "गळ्याची सूज उतरेल. नजर मात्र परत यायची नाही. मी तुम्हाला खोटी आशा देत नाही."

प्रभूनं विचारलं, "गाभण हायत त्यायचं?"

"पोटातल्या कोकरांचं मी आत्ता काय सांगू? जगवलीत, तर व्यायल्यावर कळेल."

डॉक्टर गेला. प्रभू भावाकडं बघत नव्हता, हातातल्या नळकांड्याकडं बघत होता. "ही खाच कोणी पाडली, दादा?" तो म्हणाला.

रामकिशन उठला, आपल्या झोपडीत गेला आणि घोंगडी ओढून पडला. दिवसाउजेडी त्याला असं पडलेलं पंचफुलाबाईनं जन्मात पाहिलं नव्हतं.

गावाला बोलायला काय लागतं? 'थोरल्यानं धाकट्याला आंधळं केलं,' हे वाक्य दोन दिवसांत चारी वाड्यांवर फिरलं. कुणी म्हणालं वाटणीचा राग असंल, कुणी म्हणालं बायकोनं शिकवलं असंल. पुंजाजी नावाचा म्हातारा धनगर, जो उठता बसता रामकिशनचा सल्ला घ्यायचा, तोही त्याची झोपडी टाळून लांबच्या वाटेनं जायला लागला. रामकिशन हे सगळं बघत होता. औषध सांगणाऱ्याला लोक जितक्या लवकर डोक्यावर घेतात, तितक्याच लवकर पायाखालीही घेतात.

प्रभूनं कत्तलीची मेंढरं घेणाऱ्या हिंगोलीच्या व्यापाऱ्याला निरोप धाडला. आंधळ्या मेंढरांना चारायला कसं न्यायचं? जागेवर चारा आणून घालायचा तर एवढा चारा आणायचा कुठून? दसऱ्यानंतर सगळे कळप माळ सोडून पायी निघतात, काळ्या रानात शेतं बसवत, म्हणजे खतासाठी शेतात मेंढरं बसवत हिंडतात. ज्याच्या मेंढरांना वाट दिसत नाही तो कुठं निघणार?

व्यापारी टेम्पो घेऊन आला. जाळ्यात शिरून त्यानं एकेकीच्या पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवला, शेपटाजवळ चिमटा काढून पाहिला. मेंढरं परक्या हातानं दचकून एकमेकींवर आदळत होती. व्यापारी हसून म्हणाला, "अरे भाई, इनको तो पकडना भी नहीं पडता." प्रभूही त्याच्याबरोबर हसला. ते हसू पाहून पंचफुलाबाईनं हातातलं काम टाकलं. या पोराला तिनं स्वतःच्या हातानं जेवू घातलं होतं, लग्नात हळद लावली होती.

ती बाभळीपलीकडून आली आणि जाळ्याच्या तोंडाशी उभी राहिली.

"नर ने. भाकड ने. गाभणीला हात लावू नको."

"वैनी, तुमी मधी पडू नका," प्रभू म्हणाला.

"गाभण आमच्या कळपात घाल. आमची डोळस हायत. त्यायच्या अंगाला अंग लावून चालतील. व्यायला दोन महिने राहिलेत. दोन महिने जगव, तुझा कळप पुन्हा व्हईल."

"त्याच्या कळपात?" प्रभूचा आवाज फाटला. "ज्यानं आंधळी केली त्याच्याच मागं लावू?"

पंचफुलाबाईला वाटलं, नवरा आता तरी बाहेर येईल. तिनं मागं वळून पाहिलं. झोपडीच्या दारात कुणी नव्हतं. तिला त्याचा राग आला, कीवही आली, आणि दोन्हीचा कंटाळा आला.

"त्यानं खाच पाडली," ती म्हणाली. "पर दुसरी बाटली म्या भरून दिली. एवढं औषध गेलं कुठं, हे म्या इचाराया पायजे व्हतं. म्या शिव्या दिल्या. तू बी इचाराया पायजे व्हतं. तू दादाला चोर म्हणला. आता कोणाकोणाला टेम्पोत घालतो?"

व्यापारी बिडी काढून बाजूला सरकला. असल्या घरगुती गोष्टी त्यानं बऱ्याच पाहिल्या असाव्यात.

तेव्हा अंजली जाळ्यात शिरली. नवऱ्याला न विचारता तिनं गाभण मेंढ्या चाचपून एकेक करून बाहेर काढायला सुरुवात केली. एकीला धरायची, पोटाखाली हात घालायची, आणि पंचफुलाबाईकडं ढकलायची. "ही गाभण. ही बी. ही न्हाई." प्रभूनं तिला अडवलं नाही. उरलेली टेम्पोत गेली. टेम्पो निघाला तशी आतली मेंढरं ओरडली, आणि बाहेरच्या आंधळ्यांनी माना वर करून उत्तर दिलं. प्रभू त्या आवाजाकडं पाठ करून उभा राहिला.

दुसऱ्या दिवसापासून एकच कळप निघायला लागला. सोपं नव्हतं. रामकिशनच्या हाकेला आंधळ्या मेंढ्या हलायच्याच नाहीत, त्यांना प्रभूचीच हाक ठाऊक. मग प्रभू पुढं चालायचा, सारखा हर्रर् हर्रर् करत, कारण त्याचा आवाज थांबला की त्या होत्या तिथं थांबायच्या. दिवसभर ओरडून त्याचा घसा बसायचा. मागून रामकिशन. आंधळी भरकटली की तिच्या बगलेत काठी लावून तिला आत सारायची, काट्यात शिरली तर लोकर सोडवायची, खड्ड्यात गेली तर पोटाखाली हात घालून उचलायची. ओढा उतरताना तर दर मेंढीला दोघांनी धरावं लागायचं. एक भाऊ पुढचे पाय धरायचा, दुसरा मागचे. दोघांची डोकी हातभर अंतरावर यायची. बोलायचे नाहीत. काही सांगायचं झालं तर मेंढीला सांगायचे.

"चल गं, आता मागचा पाय टाक," प्रभू मेंढीला म्हणायचा, आणि रामकिशन मागचा पाय टाकायचा.

दसऱ्यानंतर पालं पाठीवर घेऊन ते निघाले. औंढ्याकडच्या रानात उतरले, मग शिरड शहापूरच्या शिवारात. शेतकरी आंधळी मेंढरं बघायला यायचे, लेकरं त्यांच्या डोळ्यांपुढं हात नाचवून खिदळायची. शेत बसवताना कुणी म्हणायचं, "आंधळ्याचं खत बी आंधळंच व्हय?" रामकिशन मान खाली घालून जाळं ठोकत राहायचा. चूल पुन्हा एकच झाली होती. पंचफुलाबाई थापायची, अंजली भाजायची. तीन वर्षांपूर्वी ज्या मनगटांसाठी ती भांडली होती ती पुन्हा तशीच दुखत होती, आणि या वेळी तक्रार कुणाकडं करायची हे तिला कळत नव्हतं.

एका संध्याकाळी पुंजाजी वाटेत भेटला. त्याचाही कळप तिकडंच उतरला होता. लाजत लाजत पालाशी आला आणि म्हणाला, "रामकिशन, कोकरं हगून राहिलीत. काय पाजू? किती पाजू?"

पूर्वीचा रामकिशन असता तर मिशीला हात गेला असता. तो म्हणाला, "डाक्टरला इचार."

"डाक्टर मिली सांगतो. मला मिली काय कळते?"

"मला बी न्हाई कळत. उद्या दोघं जाऊ. तुझं नळकांडं घे."

पुंजाजी गेल्यावर तो बराच वेळ हात चोळत बसला. पलीकडं प्रभू घोंगडी शिवत होता. सुई थांबली होती, एवढंच पंचफुलाबाईला दिसलं.

थंडी पडली. मेंढ्यांची पोटं खाली उतरली, कासा भरल्या. एका सकाळी ऊन जरा वर आल्यावर बाभळीआड पहिली आंधळी मेंढी व्याली. तिला दिसत नव्हतं, पण जिभेला कुणी शिकवावं लागत नाही. चाटून चाटून तिनं कोकरू कोरडं केलं. काळं कुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका. दुपारपर्यंत ते उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं, आणि आईच्या मांडीला ढुशा देत कास शोधायला लागलं.

चौघंही कामं टाकून भोवती जमली होती. अंजली दोन पावलं मागंच थांबली. कोकरू कास शोधत होतं ते वासानं की नजरेनं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्या एका कोकरावर सगळ्याच मेंढ्यांचं, सगळ्या पायपिटीचं काय होणार ते ठरणार होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

प्रभूनं कोकराच्या डोळ्यापुढं हात हलवला. पापणी लवली. पण वाराही होता. त्यानं पुन्हा हलवला. कोकरू शिंकलं. त्याला आपल्याच डोळ्यांचा भरवसा वाटेना.

"दादा," तो म्हणाला.

पंचफुलाबाईनं मान वर केली. दोन महिन्यांत तो शब्द तिनं ऐकला नव्हता.

"दादा, याला दिसून राहिलं का? तू सांग."

रामकिशन एक पाऊल पुढं आला आणि थांबला. त्याला आयुष्यभर लोकांनी विचारलं होतं आणि त्यानं सांगितलं होतं. त्याचे ओठ हलले, पण त्यानं मान हलवली आणि तोंड दुसरीकडं फिरवलं.

"माझ्या सांगण्यावर जाऊ नको, प्रभू," तो म्हणाला. "खाच म्या पाडली. म्याच चुकलो. तूच बघ."

प्रभू पोटावर आडवा झाला. गाल मातीला टेकवला. बाभळीची एक वाळली शेंग उचलली आणि आवाज होऊ नये म्हणून मुठीत धरून फक्त तिचं टोक बाहेर ठेवलं. मग हात हळूहळू डावीकडं नेला. मग तितकाच हळू उजवीकडं आणला. पुन्हा डावीकडं नेला. बराच वेळ तो तसंच करत राहिला.

रामकिशन अजून पाठमोराच उभा होता. "मान वळली का?" त्यानं विचारलं.

"वळली, दादा," प्रभू म्हणाला. "दोन्हीकडं वळली."